तेवीस चित्रं

"वाच, मोठ्यानं वाच. निदान हसायला तरी होईल," दिग्दर्शक म्हणाला आणि पत्र त्याने रंगकाम करणाऱ्या बाईंपुढे टाकलं.

बाईंनी बोटांचा निळा रंग फडक्याला पुसला. "थिएटरात न लागता थेट घरगुती कॅसेटवर आलेला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट," त्या वाचू लागल्या. "या विभागाच्या अंतिम तीन चित्रपटांत आपल्या चित्रपटाची निवड झाल्याचे कळवण्यास आनंद वाटतो."

"म्हणजे नापासांत पहिला नंबर," दिग्दर्शक म्हणाला.

सगळे हसले. खिडकीजवळच्या टेबलाशी काम करणारी मधली मात्र पेन्सिल तशीच धरून बसली होती.

"पण पाहिला कुणी?" तिने विचारलं.

"काय?"

"आपला सिनेमा. तिनांत निवडला म्हणजे कुणीतरी पाहिलाच असणार ना. कोण असेल?"

असा प्रश्न कुणाला पडावा, याचंच दिग्दर्शकाला नवल वाटलं.

मधली हे तिचं घरचं नाव. तीन बहिणींतली दुसरी, म्हणून. स्टुडिओत तेच नाव पुन्हा पडलं ते कामावरून. मोठा चित्रकार महत्त्वाची चित्रं काढायचा: पात्र बसलंय, पात्र उभं आहे. या दोहोंमधली सगळी चित्रं मधली काढायची. काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर कागदावर कागद ठेवून, केसभर पुढे, केसभर वर, अशी सव्वीस वर्षं. पडद्यावर तिचं चित्र सेकंदाच्या बाराव्या भागापुरतं दिसायचं. ते चांगलं असेल तर कुणाच्या लक्षातच यायचं नाही; लक्षात आलं, की समजायचं चुकलंय.

आणि हा सिनेमा तर सबंधच कुणाच्या लक्षात आला नव्हता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या पाणघोड्याची ती गोष्ट. कॅसेट दुकानात सगळ्यांत खालच्या फळीवर लागली होती. मधली एकदा त्या दुकानात तासभर उभी राहिली होती. एका बाईने कॅसेट उचलली, मागचा मजकूर वाचला, खोक्यावरची धूळ फुंकली आणि परत ठेवली. शेजारी, दूधवाला, दवाखान्यातली नर्स, मधलीने सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. कुणीही पाहिला नव्हता.

"तुम्ही जाणार ना?" तिने दिग्दर्शकाला विचारलं.

"मला त्या दिवशी दाढदुखी आहे."

"अहो, समारंभ पुढच्या महिन्यात आहे."

"दाढ आत्तापासून तयारीला लागलीये. तूच जा. तुझी बहीण राहते ना त्या गावात?"

मधली गेली.

समारंभाच्या इमारतीत संध्याकाळच्या मुख्य कार्यक्रमाची धांदल चालू होती. तिच्या विभागाचं बक्षीस मात्र दुपारी चारला, बाजूच्या छोट्या सभागृहात होतं. शिडीवर चढलेला एक माणूस दिवे बसवत होता. प्रेक्षकांत सोळा जण होते, मधलीने मोजले. त्यांतले दोघे बहुतेक गारव्यासाठी आत आले असावेत.

सूत्रसंचालकाने तिन्ही सिनेमांचे तुकडे दाखवले. पाणघोड्याचा तुकडा सुरू झाला आणि शिडीवरच्या माणसाने खाली ओरडून विचारलं, "मधला दिवा लावू का?" कुणीतरी हो म्हणालं. पडदा पांढरा पडला. तेवढ्यात तुकडा संपला.

बक्षीस एका हुशार कुत्र्यावरच्या सिनेमाच्या चौथ्या भागाला मिळालं. ते घ्यायला कंपनीने एक तरतरीत तरुण पाठवला होता. मधलीने त्याचं मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं, "शेवटी तो कुत्रा घरी परततो का हो?"

"परतत असेल," तरुण म्हणाला. "मी तिसऱ्या भागापर्यंतच पोचलोय."

मग सूत्रसंचालकाने हातातला कागद दुमडला आणि जाता जाता सांगितलं, की यंदा प्रवेशिका फारच थोड्या आल्या. पुढच्या वर्षीपासून हा विभाग नसेल. माणसं उठली. आयोजकांच्या बाई फुलदाणी उचलू लागल्या. ती संध्याकाळी मोठ्या सभागृहात हवी होती.

मधलीने त्यांना गाठलं. "परीक्षक कोण होते हो?"

"परीक्षक? पाच होते. आज एकच आलेत. ते बघा, दाराशी."

दाराशी एक उंच, वाकलेला म्हातारा एका हाताने कोटाची बाही शोधत होता. मधलीने बाही धरली आणि तेवढ्यात विचारूनही घेतलं, "तुम्ही सगळे सिनेमे पाहिलेत?"

"सगळे. अकरा कॅसेटी खोक्यात घालून घरी पाठवल्या होत्या."

"पाणघोड्याचा?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही त्यातल्या?"

"हो. मधली चित्रं काढते मी."

"मग बसा जरा," तो म्हणाला आणि घातलेला कोट त्याने परत काढला.

तो थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा. एकेचाळीस वर्षं त्याने सिनेमे पाहिले ते भिंतीतल्या वीतभर झरोक्यातून, तेही अर्धं लक्ष यंत्राकडे ठेवून. निवृत्त झाला आणि परीक्षक व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून त्याला विचारणा झाली.

"खरं सांगू? मला राग यायचा या कॅसेटींचा. यांनीच आमची थिएटरं बंद पाडली. पण घरी लावली आणि कळलं, यात थांबता येतं. मागे जाता येतं. आमच्याकडे एकदा गेलेलं गेलं. मी आयुष्यभर रिळं पुढेच ढकलली हो. मग काय, पोरासारखा नादच लागला. एकेक चित्र थांबवून बघायचो. बायको म्हणायची, डोळे जातील."

मधली पुढे सरकून बसली.

"तुमचा पाणघोडा एके ठिकाणी खुर्चीतून उठतो," म्हातारा म्हणाला. "दारावरची घंटा वाजते तेव्हा. अर्धा उठतो आणि थांबतो. एक हात मागे नेतो. खुर्ची आहे ना अजून जागेवर, हे चाचपतो. मग उठतो. ते काय आहे?"

"म्हणजे?"

"चूक आहे की मुद्दाम? कारण गोष्टीला त्याची काहीच गरज नाही. मी सात वेळा पाहिलं. चित्रं मोजली. बावीस भरली."

"तेवीस," मधली म्हणाली. "शेवटची दोन जवळजवळ सारखी आहेत."

"तुम्ही काढलीत?"

तिने मान डोलावली. आठ काढायला सांगितली होती, तिने तेवीस काढली होती. दिग्दर्शक खवळला होता. पण परत काढायला वेळ नव्हता, म्हणून राहिली.

"बाबा माझे असे उठायचे," ती म्हणाली. "उजवी बाजू गेली होती त्यांची."

म्हाताऱ्याने मांडीवरच्या कोटाची नीट घडी घातली.

"मी मत तुम्हालाच दिलं होतं," तो म्हणाला. "एकट्यानंच. बाकीचे म्हणाले, कुत्र्याची गाणी चांगली आहेत." मग जरा थांबून, "आहेतही."

ताईचं घर तिथून दहा मिनिटांवर. मधली पोचली तेव्हा ताई इस्त्री करत होती.

"लागला नंबर?"

"नाही."

"बरं. हातपाय धू, चहा टाकते."

एवढ्यावर बोलणं संपलं. ताईशी बोलणं गेली दोन वर्षं असंच लवकर संपायचं. बाबा पाच वर्षं मधलीकडे होते. मग सिनेमाचं काम अंगावर आलं, रोज चौदा-चौदा तास, आणि त्यांना एकटं ठेवणं जमेना. ताई आली आणि त्यांना घेऊन गेली. दोन महिन्यांपुरतंच ठरलं होतं. चौथ्या महिन्यात ते ताईकडेच वारले. शेवटचे अकरा दिवस मधलीला यायला झालं नव्हतं. ताई त्याबद्दल एका शब्दानेही बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मधलीला पुष्कळदा वाटे.

चहाचा कप खाली ठेवून मधलीने पिशवीतून कॅसेट काढली.

"ताई, दोन मिनिटं बघशील? सगळा नको. एकच जागा."

"जनावरं बोलतात ते सिनेमे मी बघत नाही, माहितीये ना तुला? माणसांचंच ऐकून कान किटलेत."

"हा तिथे बोलत नाही. नुसता उठतो."

ताईने इस्त्री बंद केली. मधलीने कॅसेट पुढे पळवून नेमकी जागा काढली. घड्याळांनी भरलेल्या खोलीत पाणघोडा खुर्चीत बसलेला. घंटा वाजली. तो अर्धा उठला, थांबला, हात मागे गेला.

मधलीला ताईचा चेहरा दिसत नव्हता, नुसता हातातला शर्ट दिसत होता.

"मागे घे," ताई म्हणाली.

मधलीने मागे घेतलं. पाणघोडा परत उठला.

"बाबांचा पाणघोडा केलास?"

"ताई, मी..."

"आणि हात चुकलाय."

"काय?"

"बाबा डावा हात मागे न्यायचे. उजवा होता कुठे त्यांना? यानं उजवा नेलाय."

"डावाच काढला होता मी. मग दिग्दर्शक म्हणाला, दार दुसऱ्या बाजूला आहे, तोंड फिरव. सगळी उलटी करून काढावी लागली. आरशात धरून."

"सांगायचं नाही का त्याला? म्हणावं, दार हलव."

मधलीला हसू आलं. ते अर्ध्यावरच राहिलं. कारण ताईही हसली होती आणि तिचे डोळे भरले होते.

"मला वाटायचं, तू बघतच नव्हतीस," ताई म्हणाली. "मी भेटायला आले की तू आपली वही घेऊन कोपऱ्यात. मनात यायचं, हिला बाप दिसतो की नाही?"

"काढत होते. कसं उठतात ते."

"ते आत्ता कळलं." ताईने शर्टाची घडी घालायला घेतली आणि अर्धवट सोडून दिली. "पण हे आधीचं आहे. शेवटी शेवटी असं उठत नव्हते."

मधलीने टीव्ही बंद केला. हे विचारायचं धाडस तिला दोन वर्षं झालं नव्हतं.

"मग कसं?"

ताई इकडेतिकडे बघून खिडकीजवळच्या हातांच्या खुर्चीत जाऊन बसली. बासष्ट वर्षांची, अंगाने भरलेली. तिने उजवा हात मांडीवर निर्जीव टाकला, डाव्याने खुर्ची घट्ट धरली आणि ती जेमतेम चार बोटं उंच उठली. तशीच क्षणभर थरथरत राहिली आणि मग सावकाश परत खाली बसली. बसल्यावर डाव्या हाताने तिने छातीवरचं नसलेलं बटण नीट केलं, पाठ ताठ केली आणि खोलीभर अशी नजर फिरवली, जणू काही झालंच नाही.

"मी विचारायचे, बाबा, उठायचंय का? तर म्हणायचे, छे गं, जरा सरळ बसलो." ताईचा आवाज खाली आला. "उठता आलं नाही, हे दाखवायचं नसायचं. दिवसातून दहादा सरळ बसायचे."

मधली जमिनीवर, खुर्चीसमोर बसली होती. ती ताईचा खांदा बघत होती, मान बघत होती, मांडीवरचा पडलेला हात बघत होती.

"परत एकदा दाखव," ती म्हणाली.

"गुडघे दुखतात माझे," ताई म्हणाली आणि तिने डावा हात खुर्चीवर ठेवला.