अकरा पुठ्ठे

डोळे मिटा पाहू. पाटीएवढी चपटी, बंद पेटी डोळ्यांपुढे आणा. वर काच, खाली तापलेला पत्रा आणि मधे करंगळीएवढा तेलाचा थर, त्यात चकचकीत भुकटी मिसळलेली. तेलाला बाहेर पडायला वाट नाही. मग ते करतं काय? खालचं तापून हलकं होतं, वर येतं, काचेशी गार होतं नि पुन्हा बुडी मारतं. सगळ्यांनी एकदम वर यायचं म्हटलं तर चेंगराचेंगरीच! म्हणून तेल आपापसांत कप्पे वाटून घेतं. काचेतून मधाचं पोळं दिसतं, आणि ते हलत असतं.

अशा पेट्या मामा शाळांसाठी बनवायचा. दर सोमवारी तो टेबलावरच्या नमुन्याच्या पेटीवर पाणसळ ठेवी. तिच्या नळीतला बुडबुडा मधून सरकलेला दिसला, की पेटीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारी. "आधी सपाटी, मग चहा," हा त्याचा नेम.

सुट्टीत आलेल्या भाचीने, म्हणजे ठिणगीने, एका दुपारी ते तुकडे मोजले. अकरा. सगळे एकाच पायाखाली.

"मामा, त्याच पायाला का रे लागतात?"

"टेबल म्हातारं झालंय. तुझ्या आजोबांसारखं, एका कुशीवर कलतं."

"आणि दारं आपोआप मिटतात ती?"

"आली मोठी इंजिनीअर! पत्रा नीट तापू दे, तोवर हात लावू नकोस."

मामा अंगणात काच कापायला गेला. पत्रा तापला, काचेखाली पोळं उमटलं. हात लावू नकोस म्हटल्यावर ठिणगीचा हात थोडाच गप्प बसणार? तिने एक पुठ्ठा ओढला. मग दुसरा. प्रत्येक पुठ्ठ्यागणिक ती जरा थांबे.

चौथ्याला पोळ्याचे कप्पे लांबट झाले. आठव्याला शेजारचे कप्पे एकमेकांत मिसळले. अकरावा निघाला तेव्हा पोळं उरलंच नव्हतं. काचेखाली लांबच लांब पट्टे होते, शेतातल्या सऱ्यांसारखे. तिला कळलं: पेटी कलली, की तापलेलं तेल उताराने वर चढतं, गार तेल खाली घसरतं, आणि त्या ओढीत कप्पे ताणले जाऊन उताराच्या दिशेने पट्टे होतात.

पण आता पेटी फक्त टेबलावर होती. आणि टेबल फक्त जमिनीवर.

ठिणगीने पाणसळ उचलली नि फरशीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. तिने टेबलाखाली पाहिलं, चारही पाय सारखेच होते. अकरा आठवडे मामा टेबल नव्हे, घर सपाट करत होता. पुठ्ठ्यांनी!

पट्टे बोट दाखवल्यासारखे घराच्या खचत्या कोपऱ्याकडे वळले होते. त्या कोपऱ्यात आजोबांची खोली.

ती धावत गेली. दार मिटलेलं होतं, ते तिने खांद्याने रेटलं. आजोबा पलंगावर जागेच होते.

"कोण? ठिणगी का? ये, ऐक. भिंत दात खातेय बघ."

तिने भिंतीला कान लावला. आत खरंच बारीक करकर होती, संथ, कुणी वाळू चावत असावं तशी.

"मामा!" ती ओरडली. अंगणातल्या काच कापण्याच्या आवाजात तिची हाक बुडून गेली.

"आजोबा, चला बाहेर."

"अगं, वीस वर्षं या खोलीत निजतोय मी. मला काय खातेय ही?"

ठिणगीने वाद घातला नाही. आजोबांच्या चपला पलंगापुढे, दाराकडे तोंड करून मांडल्या. सरळ.

दोघं बघत राहिली. चपला हळूच, कुणीही न ढकलता, गुळगुळीत फरशीवरून कोपऱ्याकडे सरकू लागल्या.

आजोबांचं हसू विरलं. ठिणगीने चपला पकडल्या, गुडघ्यावर बसून आजोबांच्या पायांत घातल्या आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन ती चढाच्या बाजूने दाराकडे निघाली.