टॉफीवाली हेस्टर

"त्या पेटीला तोंड नाही, म्हणून तुम्हाला पाठवलंय वाटतं माझ्याशी भांडायला?" गळ्यात अडकवलेला टॉफीचा ट्रे सावरत हेस्टर क्रॅबट्रीने विचारलं.

फलाटावरचा मुकादम लव्हेल ओशाळला. "बाई, मी हुकमाचा ताबेदार. चॉकलेटच्या पेटीवाल्यांना जागा भाड्याने दिलीय. आता फलाटावर दुसऱ्या कुणी गोड विकायचं नाही. बाहेर बग्ग्या थांबतात, तिथे खुशाल उभ्या राहा."

"तिथला माणूस घराकडे पळत असतो, लव्हेल. टॉफी घेतो तो गाडीची वाट बघणारा."

लव्हेलने मान खाली घातली, पण वाट काही सोडली नाही.

हेस्टरचा नवरा गोदीत माल चढवताना गेला, त्यानंतर लंडनच्या याच स्टेशनावर तिने संसार रेटला होता. आईची तांब्याची कढई, तीत साखर, लोणी आणि काकवी. थंड झालेला थर ती हातोडीने फोडायची. उकळत्या पाकाने भाजल्याचे डाग दोन्ही मनगटांवर होते. तिचं नाव कुणाला ठाऊक नसे. 'टॉफीवाली' म्हणून हाक मारत, आणि तिला ते आवडायचं.

मग भिंतीशी ती बिडाची लाल पेटी आली. फटीत पेनीचं नाणं टाकायचं, खण ओढायचा, कागदात गुंडाळलेली चॉकलेटची वडी हातात. आधी लोक गंमत म्हणून गर्दी करत. पुढे गंमत ओसरली आणि सवय राहिली.

बाहेर बग्ग्यांपाशी जेथ्रो पिम काड्यापेट्या विकायचा. हेस्टर तिथे उभी राहू लागल्यावर तिचा जवळजवळ भरलेलाच राहणारा ट्रे तो चार दिवस बघत राहिला. पाचव्या दिवशी त्याने खिशातून पत्र्याची एक चकती काढली.

"ही घाल त्या फटीत. घसाच बसेल तिचा."

"आणि धरलं म्हणजे?"

"कोण धरतंय! अर्धं लंडन तिच्यात बटणं नि संत्र्याची सालं कोंबतंय. अगं, आज तुझ्यावर आलं, उद्या माझ्या काड्यांचीही पेटी येईल."

हेस्टरने चकती घेतली. ट्रे त्याच्याकडे सोपवून ती फलाटावर गेली. रिकाम्या हातांच्या बाईला अडवायला कुणी आलं नाही. पेटीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. एका मुठीत चकती, दुसरीत पेनी. शेवटी तिने पेनी टाकली.

वडी तिने तिथेच, उभ्या उभ्या खाल्ली. शिळी असावी, कडू असावी, अशी तिची फार इच्छा होती. तशी ती नव्हती. हेस्टरने बोटं रुमालाला पुसली आणि पेटीच्या अंगावर तळवा ठेवला. थंडगार लोखंड. नोव्हेंबरातल्या त्या फलाटावर माणसं गळपट्ट्यात नाक खुपसून पाय आपटत होती. तिने तळवा काढला, चकती रुळांवर भिरकावली आणि बाहेर आली.

"बसला घसा?" जेथ्रोने विचारलं.

"चव घेऊन बघितली."

"मग?"

"चांगली आहे रे, मेली."

"आता गं?"

"आता काय! एक पेटी मोडली तर ते दुसरी आणतील. तिच्या पोटात निखारे नाहीत, जेथ्रो. हाताला ऊब लागेल असं काही तिला देता येत नाही. मी बटाटे भाजणार."

"भट्टी कुठून आणशील?"

"बाजारात जुनी मिळते. कढई विकते."

"आईची कढई गं ती!"

"आईने ती पोट भरायलाच दिली होती. पूजेला नव्हती दिली."

हे बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी मोडीच्या दुकानदाराने कढई उलटी करून बुडावर टिचकी मारली. काठावर जळक्या साखरेचा एक कण चिकटून राहिला होता. "थांबा," ती म्हणाली. नखाने तिने तो खरवडला, जिभेवर ठेवला, आणि मगच कढई पुढे सरकवली.

भट्टी म्हणजे चार पायांचा पत्र्याचा डबा; खाली निखारे, वर बटाटे. पहिल्या संध्याकाळी धुकं इतकं दाट होतं, की बग्ग्यांचे घोडे दिसत नव्हते, नुसते फुरफुरत होते. टॉफीसाठी हेस्टरला कधी ओरडावं लागलं नव्हतं. वासानेच माणसं येत. आता मात्र तोंड उघडलं तर आवाज फुटेना. जेथ्रोने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात शिवणकाम करणारी एक म्हातारी धुक्यातून पुढे आली. "टॉफीवाली ना तू? दे बाई नेहमीची."

"टॉफी बंद केली, आजी. बटाटा घ्या, गरम आहे."

"मला दात कुठायत बटाट्याला?"

"टॉफीला होते?"

म्हातारी खुदकन हसली. "अगं, ती नुसती चघळायची."

"मग हा नुसता धरा."

म्हातारीने पैसे दिले. बटाटा तिने खाल्ला नाही. सुईने टोचलेली, सुजलेली बोटं त्याच्याभोवती मिटली, दोन्ही हात तिने ऊब राखायच्या लोकरी पिशवीत खुपसले आणि डोळे मिटून क्षणभर तशीच उभी राहिली. मग चालू लागली.

हेस्टरने निखारे वरखाली केले. घसा खाकरला.

"बटाटे!" आवाज मध्येच चिरकला. एका गाडीवानाने वळून पाहिलं.

तिने शाल खांद्यावर घट्ट ओढली, हनुवटी वर केली आणि पुन्हा हाक दिली.