साखळीबाहेरचा माणूस

"हात जरा खाली घ्या, सर. शाल घसरतीय," रामहरी म्हणाला.

फिलिपने हात खाली घेतले. शाल मोरपंखी रंगाची होती. तिच्या एका कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती, आणि त्या चिठ्ठीची टाचणी त्याच्या मानेला हलकेच टोचत होती. नागापूरच्या कारखान्यांच्या मागे, पत्र्याच्या उंच शेडमध्ये कबड्डी संघाचा सराव चालत असे. तिथेच मॅटच्या कडेला चार खुर्च्या मांडून हा समारंभ उरकला जात होता. मागे फ्लेक्स लावला होता : 'सन्माननीय प्रशिक्षक फिलिप भिंगारदिवे सर यांना निरोप व हार्दिक शुभेच्छा.' सामना काल संध्याकाळी संपला होता. फ्लेक्स छापायला केव्हा टाकला असेल, याचा अंदाज फिलिपने मनाशी बांधायला घेतला आणि अर्ध्यावरच सोडून दिला.

रामहरी संघाचा व्यवस्थापक होता. त्याने कागदावरून वाचून दाखवले की, प्रकृतीच्या कारणास्तव सर आपल्यातून जात आहेत. मग 'आपल्यातून जात' हे शब्द बरे दिसत नाहीत असे त्याच्या ध्यानात आले असावे. त्याने घाईघाईने नारळ पुढे केला. टाळ्या वाजल्या. फिलिप त्रेपन्न वर्षांचा होता आणि त्याच दिवशी सकाळी याच शेडभोवती पाच फेऱ्या धावला होता.

खेळाडू एकामागून एक येऊन पाया पडले. संघात चौदा जण होते, तेरा आले. चौदावा, वाल्मिक, शेडच्या त्या टोकाला भिंतीला टेकून बसला होता आणि बोटांना पांढरी पट्टी गुंडाळत होता. एक बोट झाले की दुसरे. त्याची बोटे दुखावलेली नव्हती, हे फिलिपला ठाऊक होते. आणि ते ठाऊक असण्याचे कारणही त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याने तिकडे फार वेळ पाहिले नाही.

काल शेवटची चढाई उरली होती. संघ एका गुणाने पुढे होता. समोर तिघेच राहिले होते, आणि तिघांनी चढाई करणाऱ्याला पकडले तर त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात. म्हणून फिलिपने बाकावरून उठून दोन्ही तळवे जमिनीकडे दाबत सांगितले होते : रेषा ओलांड, वेळ काढ, रिकामा परत ये. वाल्मिकने त्याच्याकडे पाहिले. नीट पाहिले. प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडत होते. चौकातल्या मोठ्या फलकावरही त्याचाच फोटो होता. तो आत शिरला, आणखी आत शिरला, आणि डाव्या कोपऱ्यातल्या पोराने त्याचा घोटा धरला. ओळीने पाचवी हार.

समारंभानंतर रामहरी दारापर्यंत सोबत आला.

"मनाला लावून घेऊ नका, सर."

"व्हिडिओ पाहिलास?"

"पाहिला. मालकांनीबी पाहिला. तुमचे हात दिसत्यात त्यात, खाली दाबताना."

"मग?"

"मग काय? चौदा पोरं लिलावात घेतलेली. हंगाम अर्ध्यावर आलाय. चौदा नवी पोरं आता कुठून आणायची? आन् कायतरी बदललं, हे लोकान्ला दिसाया पायजे. बदलता येन्यासारखा मानूस एकच हाय." तो थोडा थांबला. "आन् पोरावर बोट ठिवलं ना सर, की पोरगं आखडतं. उद्यापासून त्यो चढाईला जाईल, तर मागं बघत बघत जाईल."

रामहरीचे म्हणणे अन्यायाचे वाटावे असे होते, पण खोटे म्हणावे असे नव्हते. वीस वर्षे फिलिप मॅटच्या बाहेर उभा होता. आतल्या सातांपैकी एक जरी कमी झाला तरी कोपरा उघडा पडतो, साखळी तुटते. तो गेला तर काहीच उघडे पडणार नव्हते. मॅटवर सातच उरणार होते.

"आज पेपरवाल्याचा फोन येईल तुमाला," रामहरी खालच्या आवाजात म्हणाला. "आमी प्रकृती म्हनून सांगितलंय, पन त्याचा इस्वास न्हाई. त्यो इचारील, वाल्मिकला आत कुणी पाठवला. तुमीच पाठवला असं छापून आलं, तर संगमनेरच्या अकादमीवाले तुमच्यासाठी इचारत्यात, ते गप बसतील. त्यानं ऐकलं न्हाई असं छापलं, तर त्ये पोरगं संपलं. कुठलाच संघ घ्येनार न्हाई त्याला. मी काय तुमचं तोंड धरनार न्हाई, सर. खरं ते सांगा."

बाहेर ऊन कोवळे होते. मोटारसायकलजवळ पाण्याच्या टाकीच्या आडोशाला वाल्मिक येऊन उभा होता, दाही बोटांना पट्टी बांधून.

"बोटांना काय झालं?"

"काय न्हाई."

"मग पट्टी?"

वाल्मिक पट्टीकडेच बघत राहिला. तो पाथर्डीकडचा, आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. बोलायला लागला तो भलतेच बोलायला लागला.

"आमच्यात, सर, तोड कमी पडली की कारखाना मुकादम बदलतो. टोळी तीच ऱ्हाती. मी सात-आठ वर्साचा आसन, आमचा मुकादम असाच बदलला. आय म्हनली, त्याचं काय बी चुकलं नव्हतं."

"मग कोणाचं चुकलं होतं?"

"आमचंच. सम्द्यांनी दोन दिस झोपून काढले हुते."

फिलिपला हसू आले. वाल्मिकला आले नाही. त्याने फिलिपच्या हातातला नारळ घेतला, हँडलला अडकवलेल्या पिशवीत नीट बसवला आणि म्हणाला, "वाटंनं पडंल, सर." मग तो परत शेडकडे गेला. जाताना त्याने एका बोटाची पट्टी सोडवायला घेतली होती.

बायकोचा, हेलनचा, फोन आला तेव्हा ती दवाखान्यात ड्युटीवर होती; मागे कुणाचे तरी मूल रडत होते.

"दिला का नारळ?"

"दिला."

"खराखुरा?"

"शेंडीसकट."

ती हसली.

"जेवायला या," ती म्हणाली.

"आधी पारनेरला जाऊन येतो."

"भागवत सरांकडे?" सव्वीस वर्षांच्या संसारात हे नाव त्याने तिच्यापाशी दोनदाच काढले होते. दोन्ही वेळा वाक्य पुरे झाले नव्हते. "जा," ती म्हणाली. "फार दिवस लावलेत."

कल्याण रस्त्याने भाळवणीपर्यंत आणि तिथून डावीकडे. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आली होती. फिलिप सावकाश चालवत होता. त्याला राहुरीच्या मैदानातला तो जुना सामना आठवत होता; तेव्हा खेळ मातीवर असे. तो चोवीस वर्षांचा, एका साखर कारखान्याच्या संघात उजव्या कोपऱ्याला. भागवत सर बाहेरून एकच सांगत होते : साखळी सोडू नका, हात सोडू नका. शेजाऱ्याचे मनगट फिलिपच्या मुठीत होते, घामाने भिजलेले. समोरचा चढाईपटू पाठ फिरवतोय असे त्याला वाटले, आणि त्याने हात सोडून झेप घेतली. चढाईपटू त्याच्यावरून उडी मारून निघून गेला. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला आठ दिवसांनी कारखान्याच्या सभागृहात शाल मिळाली, मरून रंगाची. सगळे पाया पडायला गेले. फिलिप मागच्या रांगेत बसून, न दुखावलेल्या घोट्याला पट्टी बांधत होता. त्यानंतर तो त्याच कारखान्याकडून सात हंगाम खेळला. कुणी त्याच्याकडे बोट दाखवले नाही. ते कुणी दाखवले नाही हेच एकोणतीस वर्षे त्याच्या मागे मागे आले.

पारनेरच्या बाजारापलीकडे, चढावर, दोन खोल्यांचे घर. दारात सरांच्या पत्नी भागूबाई हरभऱ्याची भाजी खुडत बसल्या होत्या.

"काकू, भागवत सर आहेत का?"

"हायेत की. जायचंय कुठं आता. कोन तुमी?"

आतून आवाज आला. "कोन हाय?"

"फिलिप, सर. भिंगारदिवे."

मग काठी टेकत एक उंच, वाळलेला म्हातारा चौकटीत आला आणि डोळ्यांवर हात धरून त्याने फिलिपला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"फिल्या," तो म्हणाला. "लई जाड झालास."

आत खाटेवर गोधडी अंथरलेली होती. फिलिप बसला आणि मग त्याने ती पाहिली. ती शालींची होती : हिरवी, केशरी, जांभळी, कुठे जरीचा काठ, कुठे विरलेली किनार, आणि सगळ्यांना एकत्र धरणारे पांढऱ्या दोऱ्याचे बारीक, सरळ टाके. तो बसला होता तो तुकडा मरून होता. तो थोडा बाजूला सरकला.

"हिनं शिवली," म्हातारा म्हणाला. "अकरा संघांनी घातल्या. अंगावर घेऊन हिंडायचं कुठं? थंडीत मातर लई बेस."

"टाचण्या तेवढ्या काढाव्या लागत्यात आधी," चहा ठेवता ठेवता भागूबाई म्हणाल्या.

फिलिपने पिशवीतून नारळ काढला, त्याखालची घडी केलेली शाल काढली. म्हाताऱ्याने शालीकडे पाहिले, फिलिपकडे पाहिले.

"तुलाबी घातली व्हय? कवा?"

"आज सकाळी."

"बस मग नीट. बरोबरीला आलास."

चहा झाला. भागूबाईंनी नारळ फोडून खोबऱ्याचे तुकडे आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. फिलिपने वाटेत जुळवलेली वाक्ये कुठे गेली ते त्याला कळेना. शेवटी तो खोबऱ्याच्या तुकड्याकडे पाहत म्हणाला,

"सर, राहुरीचा सामना. तुम्ही साखळी धरा म्हणाला होतात. हात मी सोडला. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली, आणि मी एकदाही आलो नाही."

म्हातारा गुळाचा खडा चघळत राहिला.

"झेप घे, असं मी म्हनलो हुतो," तो म्हणाला.

"नाही, सर. तुम्ही—"

"भाईर उभा कोन हुता? मी का तू?"

"तुम्ही."

"मग मला म्हाईत, का तुला?"

फिलिपने भागूबाईंकडे पाहिले. त्या ताटलीतला भुगा बोटाने गोळा करत होत्या. "ज्यानं इचारलं त्याला हेच सांगत आल्यात," त्या म्हणाल्या. "कारखान्यात बी हेच लिहून दिलं हुतं. म्या बी आता दुसरं काय इचारत न्हाई."

तो विसर होता की हट्ट, हे म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. एकच गोष्ट एवढी वर्षे सांगत गेले की तिच्याखालची जमीन झिजून जात असेल. मग माणूस त्या सांगण्यावरच उभा राहत असेल. एवढ्या लांबून आणलेली कबुली फिलिपच्या हातातच राहिली. ती ठेवायला या घरात जागा नव्हती, कारण त्या जागेवर म्हातारा स्वतःच फार पूर्वी येऊन बसला होता.

फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तो उठला नाही, बाहेरही गेला नाही.

"हो, मीच बोलतोय… नाही, प्रकृती उत्तम आहे माझी… शेवटची चढाई?" त्याने समोर पाहिले. म्हाताऱ्याची मान थोडी त्याच्या बाजूला कलली होती. "मीच पाठवलं होतं त्याला आत. अंदाज चुकला… व्हिडिओत हात दिसतात, ते खरं आहे. आमची तशी खूण ठरलेली असते… हो, छापा. माझ्या नावानं छापा."

फोन त्याने पालथा ठेवला. संगमनेर आता लांब गेले होते. त्याने खोबऱ्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

"काय इचारत हुता?" म्हाताऱ्याने विचारले.

"चढाईला पोराला आत कोणी पाठवलं, ते."

"तूच पाठवला आसशील," म्हातारा म्हणाला. "भाईर उभा ऱ्हानारा आनिक कशाला असतो."

मग बराच वेळ ते पावसाबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि मातीवरचा खेळ मॅटवर गेल्याने काय बिघडले याबद्दल बोलले. भागूबाईंनी मोरपंखी शालीची टाचणी काढून भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचली आणि शाल गोधडीच्या कडेला लावून पाहिली. चार बोटे जास्त भरली. "दुमडून घेईन," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

उन्हे कलल्यावर फिलिप निघाला. म्हातारा काठी न घेताच त्याच्याबरोबर अंगणात उतरला. उतारावर तोल जाऊ नये म्हणून असेल, त्याने फिलिपचे मनगट धरले. बोटे आत, अंगठा वर, जसे कोपऱ्यात उभा असलेला शेजाऱ्याचे धरतो तसे. दोघे मोटारसायकलपाशी आले. किल्ली उजव्या खिशात होती आणि धरलेला हातही उजवाच होता.

"सोडा आता त्यान्ला," दारातून भागूबाई म्हणाल्या. "अंधार पडंल वाटंत."

म्हाताऱ्याने ऐकले नसावे. तो समोरच्या मोकळ्या वावराकडे पाहत होता, डोळे बारीक करून, तिथून कुणीतरी चालून येणार असल्यासारखा. फिलिपही तिकडेच तोंड करून त्याच्या शेजारी उभा राहिला. या वेळी त्याने हात सोडवून घेतला नाही.