भोंग्याआधी बाहेर आलेली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. घडीची, आठ पायऱ्यांची, हिरव्या रंगाची. रंग आता निम्माच उरलाय. तिसऱ्या पायरीबद्दल पुढे सांगेन, कारण तिचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

इंडियानाच्या दक्षिणेला, चहूकडे मक्याची शेतं असलेल्या गावात एक लहानसं कॉलेज आहे. त्याच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये माझं आयुष्य गेलं. वादळात पडलेल्या एका झाडाच्या लाकडातून कॉलेजच्या सुताराने मला घडवलं, ते बल्ब बदलण्यासाठी नव्हे. आमच्याकडे रीत आहे, की मुलींनी विजेतेपद मिळवलं की शिडी आणायची, बास्केटच्या कड्याखाली उभी करायची, आणि एकेकीने चढून जाळीचा एकेक धागा कापून न्यायचा. उरलेली जाळी शेवटी कोच कापतात. असं माझ्या आयुष्यात पाच वेळा झालं. ती पाच वर्षं माझ्या उजव्या अंगावर पांढऱ्या रंगाने लिहिलेली आहेत.

तेव्हा माझं किती कौतुक व्हायचं! पण खरं सांगू? मला टाळ्या ऐकू यायच्याच नाहीत. पोरगी वर चढली की माझा सगळा जीव खाली, पायांत. कोणी धरलंय ना? जमीन पुसताना ओली तर नाही ना राहिली? वरची हसत हात हलवायची आणि मी मनात म्हणायचे, बाई गं, आधी एका हाताने मला धर. पाचपैकी तीन वेळा माझे पाय धरायला ऑर्व्हिल नेप होता. हॉलची झाडलोट करणारा, धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. त्याने धरलं की मी निश्चिंत असायचे.

पाचव्या वेळेनंतर एकोणीस वर्षं गेली. एकोणीस! या काळात मी गळक्या छताखाली बादल्या टांगल्या, नाताळचे कागदी तारे लावले आणि अगणित बल्ब बदलले. तिसरी पायरी कुरकुरायला लागली. ऑर्व्हिल दर वेळी म्हणायचा, "उद्या बघतो हिच्याकडे." तो उद्या कधी उजाडलाच नाही. तरी माझी जागा मैदानाच्या कोपऱ्यात, सर्वांना दिसेल अशी होती. मैदानात उतरताना प्रत्येक मुलगी माझ्या खालच्या पायरीला हात लावून जायची.

मग जुने कोच सोडून गेले आणि त्यांच्या पाठोपाठ आठवड्याभरात सहा मुलींनी दुसऱ्या कॉलेजांची वाट धरली. उरल्या चार. त्यातली शेवटच्या वर्षाची एकटीच, डेला व्होल्मर. तिलाही दुसरीकडून बोलावणं होतं. ती गेली नाही. तीन वर्षांत तिचा संघ एकदाही स्पर्धेच्या बाद फेरीपर्यंत पोचला नव्हता, आणि तिला ते इथूनच करून दाखवायचं होतं.

नव्या कोच आल्या रेनिटा गेदर. पहिल्याच दिवशी त्या माझ्यासमोर थांबल्या.

"मिस्टर नेप, ही शिडी इथे कशाला?"

"ती इथेच असते, कोच. एकोणीस वर्षं."

"आणि एकोणीस वर्षांत तिने काय केलं?"

ऑर्व्हिलने जरा विचार केला. "बल्ब बदलले."

"मग तिला बल्बांशेजारी ठेवा. मुली चेंडूकडे कमी आणि हिच्याकडे जास्त बघतात."

झालं. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत, फाटक्या गाद्या आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या शेजारी. रागाने माझे खिळे तापले म्हणा ना! दार मात्र नीट लागत नसे. त्या फटीतून मी सगळं बघत होते.

बघून आणखीच चिडचिड व्हायची. भोजनगृहाच्या दारावर 'खेळाडू हव्यात' अशी चिठ्ठी लावून कोचनी आणखी तीन मुली मिळवल्या. त्यातली पहिल्या वर्षाची टॅम्सिन तर पहाटे वडिलांच्या गायींचं दूध काढून यायची आणि सरावात उभ्या उभ्या पेंगायची. सात मुलींत पाच विरुद्ध पाच खेळणार कसं? मग कोच स्वतः मैदानात उतरायच्या आणि ऑर्व्हिलला झाडू उंच धरून बास्केटखाली उभं करायच्या, म्हणजे मुलींना झाडूवरून चेंडू टाकायची सवय होईल.

"झाडू वर, मिस्टर नेप!"

"माझे गुडघे बघा, कोच."

"गुडघे खालीच असू द्या. झाडू वर!"

मुली हसायच्या. पण सामन्यांत हसू टिकत नसे. सहा गुणांनी हरल्या, दोन गुणांनी हरल्या, एकदा तर जिंकलेला सामना शेवटच्या मिनिटाला घालवला. जिंकायच्या तेही धापा टाकत. प्रेक्षकांत पॉपकॉर्नचा डबा मांडीवर घेऊन बसणारा एक म्हातारा शेतकरी होता. तो ओरडायचा, "कोच, शिडी आणा! जिंकता येत नसेल तर निदान बल्ब तरी बदलून घ्या!" सगळा हॉल हसायचा. डेला हसत नसे. ती खाली वाकून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधायची.

तरी कसंबसं गणित जमलं. घरचा शेवटचा सामना, शनिवारची दुपार. जिंकलं तर आठवं स्थान आणि बाद फेरीत प्रवेश. हरलं तर डेलाचं बास्केटबॉल तिथेच संपणार.

चाळीस सेकंद उरले होते. आमच्या मुली चार गुणांनी पुढे. हॉल दणाणत होता. तेवढ्यात अडगळीचं दार उघडलं. समोर ऑर्व्हिल. डोळे भरलेले.

"चल बाई," तो मला म्हणाला. "एकोणीस वर्षांनी निदान आठवा नंबर तरी."

मित्रांनो, आठव्या नंबरासाठी जाळी कापत नाहीत. ते त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आणि सामना संपल्याचा भोंगा वाजण्याआधी शिडी बाहेर काढत नाहीत, हे तर गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मला कोणी विचारलं नाही, हे खरं. पण खोटं कशाला बोलू? विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

त्याने मला मैदानाच्या कडेला उभं केलं. लोक मला बघून उभे राहिले, किंचाळले. चेंडू डेलाच्या हातात होता. तिने आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि मी दिसले. चार वर्षं ती माझी वाट बघत आली होती. डोळे माझ्यावर ठेवूनच तिने पास दिला. तो सरळ प्रतिस्पर्ध्यांच्या हातात. त्यांचे दोन गुण झाले. पुढचा चेंडू टॅम्सिनकडे आला. तीही माझ्याकडेच बघत होती! तिच्या हातातून चेंडू हिसकावला गेला, लांबून फेकला गेला, आत पडला. तीन गुण. मग भोंगा.

एका गुणाने हरलो.

लोक निघून गेले. मी तशीच उभी. लाकडाला मान खाली घालता येत नाही, हे त्या दिवशी फार खुपलं. ऑर्व्हिल टोपी हातात घेऊन कोचसमोर गेला. "चूक माझी आहे."

"हो, तुमचीच आहे," कोच म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी मान वर करून जाळीकडे पाहिलं. जाळी फाटून लोंबत होती. "सोमवारी सकाळी सगळ्यांना इथे बोलवा. शिडीही असू द्या."

सोमवारी डेला जर्सी परत करायला आली. डोळे सुजलेले होते.

"थांब जरा," कोच म्हणाल्या. "शिडी धर."

"मी? आता माझं काय काम इथे?"

"मिस्टर नेपचे गुडघे गेलेत. पाय धर म्हणते ना."

"चार वर्षांत मी हिच्यावर एक पायरी चढले नाही, कोच!"

"माहीत आहे. आजही चढणार नाहीस. हरल्यावर खोटंखोटं चढवून मी तुझी समजूत काढणार नाही." मग त्या टॅम्सिनकडे वळल्या. नवी जाळी तिच्या हातात दिली. "तू चढ. कापायचं स्वप्न सगळ्यांनाच पडतं. बसवायची कशी ते शिका आधी. कड्याला जाळी अडकवायचे बारा आकडे आहेत, एकही सुटता कामा नये."

डेलाने माझे पाय धरले. मी मनात आक्रोश करत होते, तिसरी पायरी! कोणी तरी तिसरी पायरी बघा! पण शिडीचं कोण ऐकतं? टॅम्सिन वर गेली, बाराही आकडे अडकवले आणि उतरताना तिसऱ्या पायरीवर तिचा सगळा भार आला.

कडाड्!

मी तिरपी झाले. पोरगी खाली कोसळायला लागली. डेलाने एक खांदा माझ्याखाली घातला आणि दुसऱ्या हाताने टॅम्सिनला कमरेला पकडलं. आम्ही तिघी डुगडुगलो, पण पडलो नाही. परवा चेंडू सुटला होता तो याच हातांतून. आज त्यांनी काहीही सोडलं नाही.

"सोड आता," टॅम्सिन पुटपुटली. "मी उभी आहे."

"थांब," डेला म्हणाली. "आधी श्वास घे."

कोचनी खाली पडलेली जर्सी उचलली आणि घडी घालून पुन्हा डेलाच्या हातात ठेवली.

त्याच दुपारी ऑर्व्हिलने नवी पायरी ठोकली. माझ्या हिरव्या अंगावर ती पांढुरकी फळी विजोड दिसते. दिसू दे. मी पुन्हा माझ्या कोपऱ्यात आहे, मात्र आता मला हात लावून कोणी मैदानात उतरत नाही, कोचनी ते बंद केलंय. सहावं वर्ष अजून लिहिलेलं नाही. कधी लिहिलं जाईल, कोण जाणे. मनातली चडफड गेलीय असं मी म्हणणार नाही.

पण मित्रांनो, एवढं ऐका. कुरकुरणारी पायरी आजच बघा, उद्यावर टाकू नका. माझ्या अंगावर जिंकलेली वर्षं लिहिलीत, पाय धरणाऱ्यांची नावं कोणी लिहिली नाहीत. म्हणून मी सांगते. कोणी वर चढत असेल तेव्हा टाळ्या नंतर वाजवा. आधी खाली या आणि दोन्ही हात लावा.