तू डोकावलीस, एवढंच सांग

केंटकीच्या डोंगरातल्या त्या गावात दवाखाना एकच, आणि दवाखान्यात संगणकापुढे नेडीन. गुंगीची, वेदनेची, झटक्यांची औषधं कुणी कधी घेतली, याची सरकारी नोंद तिथे दिसते. रुग्ण समोर असेल तेव्हाच ती उघडायची, असा नियम. पण एका रिकाम्या दुपारी नेडीननं सहज शेजारच्या होबर्टचं नाव टाकून पाहिलं.

"दर महिन्याला गुंगीच्या गोळ्या, बाई! तुझ्यापाशीच ठेव हं," तिनं मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीनंही एकीलाच सांगितलं. असं करत होबर्टला गोळ्यांचं व्यसन लागलंय, हे गावभर झालं.

आणि खाणीतून निवृत्त झालेला तो म्हातारा एकटा पडला. भांडण नाही, शब्द नाही. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर सगळे जेवायला बसले, की त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. त्यानं आणलेला मक्याचा पाव अख्खाच्या अख्खा परत. तो कुणाकडे गेला, तर घरची बाई आधी औषधांच्या कपाटाला कुलूप घाली. मग त्यानं जाणंच सोडलं. बायको गेल्यावर निम्मं रिकामं झालेलं घर आता पुरतं रिकामं झालं.

तीन रविवार तो दिसला नाही, तेव्हा नेडीन कोंबडीचं सूप घेऊन त्याच्या ओसरीवर गेली. होबर्ट पायरीवर बसून चीजच्या तुकड्यात गोळी दडवत होता. म्हातारी शिकारी कुत्री, पर्ल, त्याच्या मांडीवर डोकं टेकून होती.

"हिला फेफरं येतं, या गुंगीच्या गोळ्यांनीच ते आवरतं," तो म्हणाला. "कुत्रीच्या नावावर कोण औषध देणार? माझ्या नावावर लिहितात."

नेडीननं सूपाचं भांडं पायरीवर ठेवलं. तिनं सारं कबूल केलं.

होबर्टनं चीजचा तुकडा पर्लला भरवला. "मला वाटायचं, माझ्याच तोंडून कुणाला काही गेलं असेल. दिवस दिवस आठवत बसायचो."

"काका, रविवारी उभी राहून सांगते, गोळ्या कुत्रीच्या होत्या म्हणून."

"नको पोरी. उद्या दुसऱ्याचं नाव निघेल, आणि त्याच्याकडे कुत्री नसेल. गोळ्या माझ्याच असत्या, तर मला वाळीत टाकायचं होतं काय?"

"मग काय सांगू?"

"तू डोकावलीस, एवढंच सांग."

नेडीननं आधी डॉक्टरांना सांगितलं. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नव्हतं. रविवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि आपण होबर्टच्या नोंदीत डोकावलो, एवढंच सांगितलं. गोळ्या कशाच्या, हे दोघींनी विचारलं; तिनं सांगितलं नाही.

मंडळी, दुखणं ज्याचं त्याचं. ते सांगायचं की झाकायचं, हेही त्याचंच. दार उघडता येतं म्हणून आत शिरायचं नसतं. शिरलोच, तर बाहेर येताना आपण कुणाची तरी माणसं तोडून आलेलो असतो.