डावीकडे झुकलेले वण

अंगठ्याखाली एक वण — फुगीर, गुळगुळीत, डावीकडे झुकलेला... त्याच्या खाली दुसरा, तोही तसाच. भट्टीतून काढून साल सोललेली मिस्पिराच्या झाडाची काठी अजून कोमट होती आणि एर्रामुन मघापासून ती खिडकीपाशी धरून नुसता चाचपत बसला होता. पाद्रीबाबा संध्याकाळी आपली माकिला, हातात धरायची ही वणांची काठी, न्यायला येणार होते. मूठ बसवायची होती, टोकाला पितळ ठोकायचं होतं. आणि ही काठी पोराच्या, बेन्यातच्या हातची की आपल्या, हेच त्याला कळेना.

वसंतात जिवंत फांदीवर चाकूनं खुणा करायच्या, झाडानं आपली जखम आपणच भरून काढायची, थंडीत फांदी तोडायची, मग वर्षानुवर्षं माळ्यावर वाळवायची — बापजाद्यांची रीत. त्यामुळे पोरगा दरडीखाली सापडून गेला तरी त्याच्या हातच्या काठ्या माळ्यावरून खाली येतच राहिल्या. बेन्यात डावखुरा, त्याचे वण डावीकडे झुकायचे. अशी काठी निघाली की त्याची आई ग्राशी तिच्यावरून बोट फिरवायची, "त्याचीच" म्हणायची, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची... या काठ्या संपल्या, की मग? म्हणून तर मी — म्हणून तर पोरगा गेला त्याच्या पुढच्याच वसंतात एर्रामुननं चाकू डाव्या हातात घेतला. आधी हात वळेना. मग वळला. इतका वळला, की माळ्यावर आता पोराच्या काठ्या कुठल्या आणि बापाच्या कुठल्या... दुसऱ्या कुणी नाही, मीच पुसून टाकला त्याला.

"काठी करतोयस की तिचं लग्न जमवतोयस?" ग्राशी कॉफी घेऊन आली होती. "पी, नाहीतर गार पाणी होईल."

त्यानं काठी पुढे केली. ग्राशीनं वरपासून खालपर्यंत सावकाश बोट फिरवलं.

"त्याचीच," ती म्हणाली.

आणि मग तिनं त्याचा उजवा हात ओढून घेतला. काल बागेत फांद्यांवर चाकू चालवताना अंगठा कापला होता, त्याची चिंधी सुटली होती.

"उजव्या हातानं जेवणारा माणूस दर वसंतात उजवाच हात कापून घेतो," गाठ मारत ती म्हणाली. "जपत जा जरा."

म्हणजे हिला ठाऊक आहे... कधीपासून? आणि ठाऊक असून प्रत्येक वेळी "त्याचीच" — ते माझ्यासाठी? मग यांतली खरी कुठली, तेही हिच्या बोटाला कळत असणार. एका शब्दानं विचारलं तर सांगेल. ही बेन्यातची असेल तर पाद्रीबाबांना काय, देवालाही द्यायची नाही. आणि नसेल तर... तर शेवटच्या काठीसोबत पोरगा केव्हाच कुणा गिऱ्हाइकाच्या हातात हात घालून या दारातून गेला, आणि आपण त्याला दारापर्यंत सोडायलाही उठलो नाही.

शब्द ओठावर आला. ग्राशी जायची घाई नसल्यासारखी उभी होती. तिचा अंगठा पुन्हा काठीवरच्या वणावर टेकला होता.

"कॉफी छान झालीय," तो म्हणाला. त्यानं ती अजून चाखलीही नव्हती.