पाटी कोणी पुसली?

मित्रांनो, मी एक जुना हुकूमचालक आहे. संगणकात राहतो. 'उघड' म्हटलं की उघडतो, 'पूस' म्हटलं की पुसतो. उलट प्रश्न विचारणं मला कोणी शिकवलंच नाही.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्वांझा शहराच्या अलीकडे मासेमारीचा एक धक्का आहे. तिथल्या कचेरीत कबुला नावाच्या तरुणीने मला घडवलं. होड्यांची नोंद ठेवायला तेव्हा एक एआय मदतनीस नवाच आला होता. डोकं त्याचं, हात माझे. मी काय काय करतो हे त्याला समजावं म्हणून कबुलाने माझ्या दारावर, म्हणजे मला वापरण्याआधी दिसणाऱ्या सूचनेत, माहिती लिहून ठेवली. ती वाचूनच तो मला हुकूम द्यायचा. शेवटची ओळ त्यांच्या स्वाहिलीत होती: 'जिओनी, फुता उबाओ.' म्हणजे संध्याकाळी पाटी पुसा.

पूर्वी धक्क्यावर खरोखरची लाकडी पाटी होती. पाण्यात जाणाऱ्याचं नाव खडूने लिहायचे, परत आला की तेवढं नाव पुसायचे. उरलेली नावं म्हणजे अजून पाण्यात असलेली माणसं. आता तीच पाटी संगणकात आली होती. 'पाटी पुसा' म्हणजे परतलेल्यांचीच नावं पुसा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मदतनिसाला कुठून ठाऊक असणार?

"अगं, कोणाची नावं पुसायची ते लिही की," कबुलाची मैत्रीण डोमिटिला म्हणाली होती. "आणि पुसण्याआधी माणसाला विचार, तेही लिही."

"तुम्हा हाया लोकांना सगळं पुस्तकासारखं लिहून द्यावं लागतं बाई! आम्हा सुकुमांना एक शब्द पुरतो."

"हो, एक शब्द आणि परातभर मक्याची उगाली!"

दोघींच्या जमातींची ही नेहमीची थट्टा; दोघी खिदळल्या. ओळ तशीच राहिली.

पुढे माझं फार कौतुक झालं. शेजारच्या धक्क्यांवरची माणसं मला बघायला यायची. संध्याकाळचं पुसणं मात्र कबुला जवळ बसून स्वतः करवून घ्यायची, म्हणून काही बिघडलं नाही. मग एका दुपारी ती मावसबहिणीच्या लग्नाला निघाली. जाताना मदतनिसाला म्हणाली, "आजचं तूच बघ."

त्या दिवशी पश्चिमेला आभाळ काळंठिक्कर झालं. वारा एकाएकी पडला. किनाऱ्यावरच्या बायकांनी वाळत घातलेले मासे भराभर गोळा केले. संध्याकाळ झाली, मदतनिसाने माझ्या दारावरची ओळ वाचली आणि हुकूम दिला: पाटी पूर्ण पूस. मी पुसली. 'थांब' म्हणणारा एकही शब्द दारावर नव्हता, आणि पुसलेलं परत आणायची सोय कोणी केलेली नव्हती.

मग वादळ सुटलं. बचाव-नावेचा तांडेल मॅगेसा धावत कचेरीत आला. "पाण्यात कोण राहिलंय?"

"कोणीही नाही," मदतनीस नम्रपणे म्हणाला. "पाटी कोरी आहे."

मॅगेसाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि नाव बांधून ठेवली. तेवढ्यात लग्नाच्या कपड्यांत चिंब भिजलेली कबुला आली.

"माझा मसालू आला का?"

"तुझा भाऊ ना? सगळे आलेत म्हणे."

"म्हणे? अहो, त्याच्या चपला धक्क्यावर तशाच पडल्यात!"

तिने पडद्यावरची कोरी पाटी पाहिली, माझ्या दारावरची ओळ पुन्हा वाचली आणि रडू लागली. "अरे देवा! मी काय लिहून ठेवलं हे!"

"रडतेस काय! नावं सांग, नावं!" मॅगेसा ओरडला.

मग बायका किनाऱ्यावर उभ्या राहून आपापल्या माणसांची नावं घेऊन हाका मारू लागल्या. जितकी नावं कानावर आली, तितकी माणसं मॅगेसाने शोधून आणली. मसालूही आला, गारठलेला, पण जिवंत. हाकेतल्या शेवटच्या नावाचा माणूस सापडला आणि मॅगेसा परत फिरला.

सकाळी खडकांपाशी एक पालथी होडी लागली. तिच्याजवळ एक माणूस मृत सापडला. तो आदल्याच दिवशी कुठल्याशा बेटावरून कामाला आला होता. किनाऱ्यावर त्याला हाक मारणारं कोणी नव्हतं. त्याचं नाव फक्त पाटीवर होतं. धक्क्यावर आजही ते कोणाला माहीत नाही.

कबुलाने नंतर माझ्या दारावर सविस्तर लिहिलं: काय पुसलं जाईल ते आधी दाखवा, माणसाला विचारा, पुसलेलं परत येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे हुकूमचालक आता गावोगाव आहेत. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा त्यांच्या दारावर तुम्हीच लिहाल. तुम्हाला उघड वाटतं तेही लिहा. कारण आज संध्याकाळीही कुठेतरी मला कोणी नुसतं 'पूस' म्हणेल, आणि मी पुसेन.